लुईसच्या स्वारींतील हवेची बंदूक

गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका संग्राहक स्नेह्यांनीं आम्हांस एक पृच्छा केली. त्यांचे चिरंजीव परदेशीं असतात व तेथें रीतसर परवाना काढून ससे, खारी व रानपाखरें यांची शिकार करतात. पंपानें हवा भरण्याची बंदूक घ्यावयाची झाल्यास ती कोणत्या लक्षणांवरून निवडावी, आणि रानांत अडकून पडल्यास तिच्यावर मनुष्याचा निर्वाह होईल काय, असा प्रश्न होता. आम्हीं आयुष्यभर मुलांस शब्दरूपावली व रघुवंश शिकविला. बंदूक हातीं धरण्याचा योग कधीं आला नाहीं. तथापि हा प्रश्न नवा नाहीं. सव्वादोनशें वर्षांपूर्वीं तो एका मनुष्यास पडला होता, त्यानें आपल्या परीनें त्याचा निर्णय केला, आणि त्या निर्णयाचे कागद आज उपलब्ध आहेत. जेथें कागद आहेत तेथें आमच्यासारख्यानें दोन शब्द बोलण्यास हरकत नसावी, असें समजून हा लेख लिहिला आहे.

(१) तो मनुष्य म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा कॅप्टन मेरिवेदर लुईस. अध्यक्ष जेफर्सन यांच्या आज्ञेवरून लुईस व विल्यम क्लार्क यांनीं मिसूरी नदीच्या उगमापर्यंत व तेथून पर्वत ओलांडून पश्चिम समुद्रापर्यंत स्वारी केली. मिसूरीच्या मुखाजवळील तळावरून ता. १४ मे १८०४ रोजीं नावा निघाल्या, त्या ता. २३ सप्टेंबर १८०६ रोजीं सेंट लुईस येथें परतल्या. ता. ७ एप्रिल १८०५ रोजीं पुढील मुलखांत जी कायमची टोळी शिरली तिच्यांत ३३ माणसें होतीं. वाटेंत बाजार नाहीं, किल्ला नाहीं, रसद नाहीं. बरोबर नेलेल्या वस्तूंवर व रानावर सर्वांचा प्राण अवलंबून. अशा प्रसंगीं हत्यारांची निवड ही हौसेची गोष्ट राहत नाहीं.

लुईसनें १८०३ च्या वसंतांत हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रशाळेंतून १५ रायफली, तितकींच दारूचीं शिंगें, गोळ्यांचे साचे, तसेंच चापांचे सुटे भाग व दुरुस्तीचीं अवजारें घेतलीं. याखेरीज त्याजपाशीं एक हवेची बंदूक होती. फिलाडेल्फिया येथील खरेदीच्या सरकारी याद्यांत तिचें नांव येत नाहीं. मात्र आपण ती विकत घेतली असें लुईस स्वतः लिहितो. यावरून ती त्याची खासगी खरेदी असावी असें अनुमान निघतें.

(२) ती बंदूक कोणाची कृति, याविषयीं दोन पक्ष आहेत. पूर्वपक्ष असा : पेन्सिल्वेनियांतील हॉर्शम येथील घड्याळजी व यंत्रकार आयझाया ल्यूकन्स हा १८४६ सालीं वारला. पुढील वर्षाच्या आरंभीं त्याच्या मालमत्तेचा लिलाव झाला. त्या लिलावाच्या छापील यादींत एका मोठ्या हवेच्या बंदुकीची नोंद असून, ती लुईस व क्लार्क यांच्याकरितां बनविली गेली व त्यांनीं आपल्या प्रवासांत वापरली, अशा अर्थाचा शेरा तिच्यापुढें आहे. ल्यूकन्स निष्णात कारागीर, फिलाडेल्फिया जवळ, शेरा छापील; तेव्हां विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पुष्कळ अभ्यासकांनीं हा पक्ष स्वीकारला. आम्हींही कांहीं वर्षांपूर्वीं एका ग्रंथालयांतील व्याख्यानांत तो सिद्धान्त म्हणून सांगितला होता. तें आमचें विधान आम्ही येथें मागें घेतों. कारण पुढें दिलें आहे.

उत्तरपक्षाचें मूळ दोन रोजनिशांत आहे. पहिली खुद्द लुईसची. स्वारीचा पहिला छापील वृत्तांत निकोलस बिडल यानें सिद्ध केला व तो १८१४ सालीं प्रसिद्ध झाला. थ्वेट्स यानें मूळ रोजनिशांचे खंड १९०४-०५ मध्यें छापले. परंतु या दोहोंतही ओहायो नदीवरील प्रवासाची लुईसची वही नाहीं. ती बिडल घराण्याच्या कागदांत पडून होती. १९१३ सालीं सांपडली व १९१६ सालीं मायलो क्वेफ यानें प्रसिद्ध केली. म्हणजे शंभरांहून अधिक वर्षें स्वारीचें पहिलें पान वाचकांसमोर नव्हतें. आणि त्या पहिल्याच पानावर ही बंदूक आहे.

पिट्सबर्गहून निघून तीन मैल जातांच ब्रूनो बेटावर नाव थांबली. तेथील गृहस्थांच्या आग्रहावरून लुईसनें बंदूक किनाऱ्यावर आणली, तींत हवा भरली, आणि ५५ यार्डांवर सात वेळां बार केला. नेम बरा लागला. नंतर ती एका पाहुण्याच्या हातीं दिली. त्यास तिची रीत ठाऊक नव्हती. बार उडाला, आणि सुमारें ४० यार्डांवर उभ्या असलेल्या एका स्त्रीच्या टोपींतून गोळी जाऊन तिच्या कानशिलास चाटली. बाई कोसळली, रक्त वाहूं लागलें, ती गेली असेंच सर्वांस वाटलें. क्षणभरानें ती सावध झाली. जखम प्राणघातक नव्हती. हवेची बंदूक म्हणजे मुलांचें खेळणें असें ज्यांस वाटतें त्यांनीं ही नोंद ध्यानांत ठेवावी.

या नोंदीच्या तिथीविषयीं एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. वहींत ता. ३० ऑगस्ट १८०३ घातली आहे. पण लुईसनें ता. ८ सप्टेंबर रोजीं व्हीलिंगहून जेफर्सन यांस जें पत्र लिहिलें त्यांत, नाव ३१ तारखेस सकाळीं सात वाजतां पुरी झाली व त्याच दिवशीं आपण निघालों, असें स्पष्ट आहे. नाव पुरी होण्यापूर्वीं प्रस्थान संभवत नाहीं; म्हणून ३१ हीच तिथि ग्राह्य.

दुसरी रोजनिशी टॉमस रॉडनी याची. हा डेलावेअरचा गृहस्थ मिसिसिपी प्रांतीं न्यायाधीश म्हणून जात होता. व्हीलिंग येथें सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यांत त्याची व लुईसची गांठ पडली. लुईसनें त्यास बंदूक दाखविली, आणि रॉडनीनें जें पाहिलें तें त्याच वेळीं टिपून ठेविलें. त्याचें तात्पर्य असें : बंदूक एका भरणींत २२ बार करिते. सर्व गोळ्या एकदम बाजूच्या एका आंखूड नळींत भरतात, व कमान सरकविली म्हणजे त्या एकेक करून आंत पडतात. बंदुकीचा दस्ता हेंच हवेचें भांडें असून चाप ओढतांच एका गोळीस पुरेल इतकीच हवा सुटते. त्या दिवशीं मात्र यंत्र बिघडलें होतें. बारा गोळ्या घातल्या. पहिल्याच बारास सगळी हवा निघून गेली. पुन्हां हवा भरली, दोन बार झाले. मग लुईसनें गळतीचें कारण शोधून ती कांहींशी थांबविली, तेव्हां सात बार झाले. रॉडनीची ही रोजनिशी संपादित होऊन १९९७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाली.

(३) आतां विचार करावा. ब्रूनो बेटावरील सात बारांवरून एवढेंच ठरतें कीं हवा एकदां भरली असतां अनेक बार होत. प्रत्येक वेळीं गोळी वेगळी भरावी लागणाऱ्या बंदुकीसही तें शक्य आहे. म्हणून केवळ पहिल्या नोंदीनें वाद मिटत नाहीं. रॉडनीच्या नोंदींत मात्र तीन हेतु एकत्र येतात : गोळ्यांची बाजूची नळी, हवेचें भांडें बनलेला दस्ता, आणि २२ ही संख्या. ल्यूकन्सच्या म्हणून ज्या बंदुका ज्ञात आहेत त्या एकेक गोळी भरावयाच्या आहेत. उलट हीं तिन्हीं लक्षणें ऑस्ट्रियाच्या सैन्यांतील बंदुकीस तंतोतंत लागू पडतात. ता. २४ जानेवारी १८०६ रोजीं लुईस लिहितो कीं ही बंदूक दारूवांचून इतक्या वेळां कशी उडते तें तेथील लोकांस उमगत नाहीं. हें वाक्यही याच पक्षास पोषक आहे.

लिलावाची यादी ही आप्तवाक्य खरी, पण ती घटनेनंतर ४४ वर्षांनीं, मालक मेल्यावर, विक्रीच्या हेतूनें लिहिलेली. रॉडनी हा समक्ष पाहणारा, त्याच वेळीं टिपणारा, व ज्यास कांहीं विकावयाचें नाहीं असा साक्षी. प्रत्यक्षापुढें असलें शब्दप्रमाण दुर्बळ ठरतें. लुईसची बंदूक पुढें ल्यूकन्सकडे आली असेल, त्यानें ती दुरुस्तही केली असेल. त्यास आमचा विरोध नाहीं. ती त्याच्यासाठीं ‘बनविली’ हा यादीकाराचा शब्द तेवढा सुटतो.

(४) ऑस्ट्रियाची ती बंदूक बार्तोलोमेओ जिरांदोनी याची. हा टिरोल प्रांतांतील कोर्तिना येथें १७४४ सालीं जन्मलेला घड्याळजी; १७९९ सालीं व्हिएन्नाजवळ वारला. १७८० च्या सुमारास त्याची बंदूक ऑस्ट्रियाच्या सैन्यानें स्वीकारली आणि १८१५ च्या सुमारापर्यंत ती दप्तरीं राहिली. त्याच पद्धतीच्या बंदुका व्हिएन्ना व लंडन येथील इतर कारागीरांनींही घडविल्या. म्हणून लुईसची बंदूक ‘जिरांदोनी पद्धतीची’ एवढें म्हणणें निर्दोष होय.

तिची रचना अशी. लांबी सुमारें चार फूट, वजन सुमारें दहा पौंड. नळीस आंतून आटे पाडलेले. नळीच्या बाजूस वीस-बावीस गोळ्यांची लांब पेटी. बंदुकीचें तोंड वर करून आडवा ठोकळा एकदां सरकविला कीं एक गोळी नळीच्या मागें येऊन बसे. दस्ता लोखंडी पत्र्याचा, पोकळ, फिरवून काढतां येणारा. शिपायास असे जादा दस्ते, हातपंप व गोळ्यांचा साचा देत. एक दस्ता भरण्यास पंपाचा दट्ट्या सुमारें दीड हजार वेळां खालींवर करावा लागे. मिनिटास तीस दाब धरले तरी ही पन्नास मिनिटांची मेहनत. आणि भांडें जसजसें भरत जाई तसतसा प्रत्येक दाब जड होई. एवढ्या श्रमाचें फळ म्हणजे उपयोगी असे तीस-चाळीस बार. त्यांतही शेवटच्या बारांचें बळ पहिल्यांहून कमी, कारण प्रत्येक बारागणिक आंतील दाब उतरत जातो.

गुण मोठे होते. धूर नाहीं, ठिणगी नाहीं, पावसाची भीति नाहीं, आवाज कमी, आणि चकमकीच्या बंदुकीचा एक बार होतो तितक्यांत हिचे कित्येक. परंतु सांध्यांतून हवा गळे, झडपेचें चामडें सुकलें कीं सर्व व्यर्थ, पत्र्याचे दस्ते घडविणें अवघड, आणि जुजबी शिकलेल्या शिपायाकडून तिची निगा राहत नसे. सैन्यानें ती सोडली ती गोळी दुबळी म्हणून नव्हे, निगा राहत नाहीं म्हणून.

(५) आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. या बंदुकीनें लुईसच्या टोळीचें पोट भरलें काय? रोजनिशांत तिचा उल्लेख वारंवार येतो, तो बहुधा प्रदर्शनाच्या प्रसंगीं. ता. ३ ऑगस्ट १८०४ रोजीं ओटो व मिसूरी लोकांच्या सभेनंतर लुईसनें ती उडविली. त्याच महिन्याच्या ३० तारखेस यँक्टन लोकांपुढें ती उडविली असतां लोक धांवत जाऊन झाडांत शिरलेल्या गोळ्यांचीं भोकें पाहूं लागले, असें व्हाइटहाउस नांवाच्या शिपायाच्या रोजनिशींत आहे. ता. १७ ऑगस्ट १८०५ रोजीं शोशोनी लोकांनीं तिला दैवी सामर्थ्याची वस्तु ठरविलें. ज्यांच्यापाशीं घोडे मागावयाचे, ज्यांच्या मुलखांतून मूठभर माणसांनीं सुखरूप जावयाचें, त्यांच्या मनावर वजन पाडणें हें तिचें कार्य. आणि तें तिनें केलें. हेंही एक प्रकारचें प्राणरक्षणच होय.

पोटाची गोष्ट निराळी. ता. १३ जुलै १८०५ रोजीं लुईस हिशेब देतो कीं टोळीस एका दिवसाचें भरपूर अन्न म्हणजे चार हरणें, किंवा एक एल्क नांवाचें मोठें सांबर व एक हरिण, किंवा एक गवा. समुद्रकिनाऱ्यावरील फोर्ट क्लॅट्सप येथें हिवाळा काढला तेव्हां ता. १ डिसेंबर १८०५ पासून ता. २० मार्च १८०६ पर्यंत १३१ एल्क व २० हरणें मारलीं, अशी सार्जंट गॅसची गणना आहे. हें काम दारूच्या रायफलींचें व ड्रुइलारसारख्या शिकाऱ्यांचें.

लहान शिकारीवर राहण्याची वेळ आली ती एकदां, सप्टेंबर १८०५ मध्यें बिटररूट पर्वत ओलांडतांना. बर्फ पडत होतें. १४ तारखेस एक शिंगरू मारून खाल्लें. १८ तारखेची लुईसची नोंद हृदय हलविणारी आहे. शिलकेंत आटवून वाळविलेल्या मांसरसाचे थोडे डबे, थोडें अस्वलाचें तेल व सुमारें वीस पौंड मेणबत्त्या. बंदुकांचा भरंवसा फारसा नाहीं, कारण भोंवतीं आपल्यावांचून आहे काय, तर थोडीं लहान रानपाखरें, करड्या खारी आणि एक निळा पक्षी. ज्या भक्ष्यासाठीं आज हवेची बंदूक घेतात तेंच भक्ष्य येथें समोर होतें, आणि तीसांवर माणसें उपाशी होतीं. त्या दिवशींच्या नोंदींत हवेच्या बंदुकीचें नांव नाहीं. खारींनीं इतकीं पोटें भरत नाहींत, मग बंदूक कोणतीही असो. एकट्या-दुकट्यास लहान शिकार तारील. टोळीस तारणार नाहीं. आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाच्या उत्तरार्धाचें उत्तर हें.

(६) पूर्वार्धाचें उत्तर आमच्या मतें एका माणसाच्या नांवांत आहे. तो माणूस जॉन शील्ड्स, टोळींतील लोहार. ता. १० जून १८०५ रोजीं त्यानें हवेच्या बंदुकीची मुख्य कमान नवी घालून दिली. या माणसाच्या कसबाचे आपल्यावर अनेक उपकार आहेत असें लुईस त्याच जागीं लिहितो. ता. ७ ऑगस्ट रोजीं बंदूक पुन्हां बिघडलेली, नेम धरण्याचीं साधनें जागचीं हललेलीं. तीं लुईसनें स्वतः बसवून घेतलीं तेव्हां ती पूर्ववत् चालली. व्हीलिंगची गळती आपण वर पाहिलीच. म्हणजे दोन वर्षांत निदान तीन वेळां ही बंदूक दुरुस्त करावी लागली.

दारूच्या रायफलीही यास अपवाद नव्हत्या. ता. २० मार्च १८०६ ची नोंद पाहावी. ड्रुइलारच्या बंदुकीस नवा चाप बसविला. सार्जंट प्रायरच्या बंदुकीचा मोडलेला स्क्रू हार्पर्स फेरीहून आणलेल्या जोडस्क्रूनें बदलला. सुटे भाग आणण्याची दूरदृष्टि व शील्ड्सचें कसब नसतें तर बहुतेक बंदुका या घटकेस निरुपयोगी झाल्या असत्या, असें लुईस कबूल करतो. दारूच्या बाबतींतही तेंच. त्यानें दारू शिशाच्या डब्यांत बंद केली होती. प्रत्येकांत चार पौंड दारू, आणि डब्याचें शिसें आठ पौंड. दारू संपली कीं डबा वितळवून गोळ्या कराव्या. ता. १ फेब्रुवारी १८०६ रोजीं डबे तपासले; कित्येक वेळां पाण्याखालीं जाऊनही ३५ डबे कोरडे निघाले. म्हणजे १४० पौंड दारू व २८० पौंड शिसें शिल्लक. ही युक्ति नसती तर एका बाराचीही दारू उरली नसती, असें तो लिहितो.

हे तीन कागद एकत्र वाचले म्हणजे लुईसच्या निवडीचें मर्म कळतें. त्यानें बंदूक एकटी निवडलीच नाहीं. बंदूक, तिचे सुटे भाग, साचा, डबा आणि लोहार हें सर्व मिळून त्यानें एक हत्यार मानलें. ऑस्ट्रियाच्या सैन्यापाशीं बंदूक तीच होती, पण प्रत्येक पलटणींत शील्ड्स नव्हता. म्हणून तेथें ती टिकली नाहीं, येथें टिकली.

(७) विसाव्या शतकांत अमेरिकेंत पंप वेगळा न ठेवतां नळीखालींच बसविलेल्या बंदुका प्रचारांत आल्या. बेंजामिन, क्रॉसमन व १९४७ पासून शेरिडन हीं नांवें त्यांतलीं. दीड हजार दाबांच्या जागीं तीनपासून आठ-दहा दाब, आणि दर बारास नवी हवा. त्यामुळें दाब मोजून दिले तर प्रत्येक बाराचें बळ सारखें राहतें, व लहान भक्ष्यासाठीं तें आटोक्यांतही ठेवतां येतें. शिवाय हवा साठवून ठेवावी लागत नसल्यानें तिला बाहेरच्या कशाचीही गरज नाहीं. पण दट्ट्याची वाटी व झडपेची चकती झिजणें चुकलेलें नाहीं. म्हणून स्नेह्यांच्या चिरंजीवांस आम्हीं कळविलें तें असें : दुकानांत बळाचे आंकडे विचारण्यापूर्वीं वाट्या व चकत्या सुट्या मिळतात काय तें विचारावें, त्या दोन-तीन जोड घ्याव्या, आणि बंदूक एकदां स्वतःच्या हातानें उघडून पुन्हां जोडतां आली तरच ती रानांत न्यावी. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यामुळें आज शिकारीचा प्रश्न उरलेला नाहीं, हेंही त्यांच्या तीर्थरूपांस आम्हीं आठवून दिलें.

शेवटीं आमच्या व्यवसायबंधूंस एक विनंति. लुईसच्या बंदुकीचा निर्णय कोणत्याही सनदेनें केला नाहीं. तो एका घराण्याच्या कागदांत पडलेल्या वहीनें, आणि नदीवरील मुक्कामांत एका प्रवाशानें सहज टिपलेल्या पांच-सात ओळींनीं केला. आपल्या संग्रहांत शस्त्रें येतात तेव्हां त्यांवरील चिठ्ठ्या आपण मानतों. पण त्याच वाड्यांतील लोहाराच्या मजुरीचे हिशेब, दुरुस्तीच्या याद्या, पाहुण्यांचीं टिपणें आपण रद्दी म्हणून टाकतों. हत्यार कोणाचें व तें खरोखर चालत होतें काय, हें सांगणारा कागद बहुधा त्या रद्दींतच असतो. आम्ही स्वतः छापील यादीवर विश्वासून चुकलों; ती चूक दुसऱ्यांनीं टाळावी, एवढ्याच हेतूनें हा प्रपंच केला आहे.